बेळगावच्या पावसात टिकणारं नवं स्वयंपाकघर: काय घ्यावं, काय सोडावं?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. शहापुरात जुनं घर आहे, स्वयंपाकघर १० × ९ फूट. कडप्प्याचा कट्टा, त्याखाली उघडे कप्पे, भिंतीला लाकडी फळ्या, पायाखाली मोझॅक. पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडावर असल्यानं गणपतीपर्यंत ओली असते. आता सगळं नव्यानं करायचं आहे.

मॉड्युलरवाल्यांच्या चित्रांत सध्या हे दिसतं: मूठ नसलेली दारं, मॅट काळा नाहीतर गडद हिरवा रंग, पांढरा क्वार्ट्झ, वर उघड्या फळ्या, मधोमध आयलंड (चारी बाजूंनी सुटा कट्टा), आणि हॉलकडची भिंत काढून ओपन किचन. घरात ५ माणसं. भाकरी रोज, फोडणी दोन्ही वेळा. यातलं आपल्या हवेत काय टिकतं आणि काय चार पावसाळ्यांत जातं, ते साहित्याच्या नावानिशी सांगा.

हिंडलगा_आराखडा

आयलंड आधी खोडा. भिंतीकडचा कट्टा २ फूट, उभं राहायला किमान ३.५ फूट, आयलंड २ फूट, पलीकडे पुन्हा ३ फूट. झाले साडेदहा. तुमची खोली कुठूनही मोजली तरी १० च्या वर जात नाही.

समोरासमोर दोन कट्टे मात्र ९ फुटांत नीट बसतात. दोन्हीकडे २-२ फूट, मध्ये ५ फूट मोकळे. दोघी जणी पाठीला पाठ न लागता काम करतात. एका बाजूला गॅस आणि सिंक, दुसऱ्या बाजूला फ्रिज, मिक्सर, डबे. गॅस, सिंक आणि फ्रिज यांच्यातली तीन अंतरं मिळून १३ ते २६ फुटांत असावीत असा जुना ठोकताळा आहे, तो यात सहज बसतो. लहान खोलीचं वाईट वाटून घेऊ नका. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी आखलेलं फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर, ज्याला आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ मानतात, ते १.९ × ३.४ मीटरचं होतं. म्हणजे सव्वासहा बाय अकरा फूट.

भिंतीचं सांगतो. शहापूर, वडगाव, जुनं बेळगाव इथल्या घरांत बऱ्याच भिंती वरचा भार पेलणाऱ्या असतात, पिलर-बीम नसतात. इंजिनिअरनं बघितल्याशिवाय हातोडा लावू नका. आणि रोज दोन वेळा फोडणी असलेल्या घरात सगळी भिंत काढली की पडदे, सोफा, देवघर सगळ्यावर तेलाचा थर बसतो. ४ फूट रुंद, ३ फूट उंच खिडकी पाडा, वर लिंटेल (भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई) घ्या, त्यात उभ्या रेघांची सरकती काच बसवा. ही काच सध्या फॅशनमध्ये आहेच. गप्पा मारायला उघडी, फोडणीला बंद.

कारदग्याची_अक्का

खिडकीचं पटलं. ताटं पण तिथनंच देता येतात.

सुतारकी_टिळकवाडी

आता मुख्य मुद्दा. मॉड्युलर किचन दर्शनी दारातून खराब होत नाही, तळातून होतं. सिंकखालचा बॉक्स, जमिनीलगतची कड आणि ओल्या भिंतीला चिकटलेली पाठ, या तीन जागा. चित्रात या तिन्ही दिसत नाहीत, आणि कोटेशनमध्ये नेमकं इथंच साहित्य हलकं लावलेलं असतं.

पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ यांना पाणी लागलं की आतला भुसा फुगतो. सुकल्यावर तो परत बसत नाही, आणि मग बिजागरीचा स्क्रू धरत नाही. दार लोंबकळायला लागलं की समजायचं की बोर्ड आतून गेला. प्लायवूडमध्ये एमआर ग्रेड म्हणजे दमट हवा सोसेल इतकंच, साचलेलं पाणी नाही. स्वयंपाकघराला आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय मागा. याच्या चिकटाची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून होते. शिक्का प्रत्येक शीटवर असतो. शीट कापायच्या आधी बघा आणि फोटो काढून ठेवा, कापल्यावर कुठल्या तुकड्याचा शिक्का कुठला ते कळत नाही.

पण माझं मत विचाराल तर कट्ट्याखाली लाकडाचा बॉक्सच नको. आपल्याकडची जुनी पद्धत चांगली आहे: कडप्प्याचे नाहीतर ग्रॅनाइटचे उभे पाट, अडीच-तीन फुटांवर एक, खाली ४ इंच दगडी स्कर्टिंग, वर ग्रॅनाइट. त्यावर फक्त दारं आणि ड्रॉवर मॉड्युलर लावा. बाहेरून हुबेहूब चित्रातल्यासारखं दिसतं आणि सिंक गळला तरी दगडाला काही होत नाही.

यात एकच ठिकाणी चूक होते. कडप्पा कधी सरळ नसतो, एकाच पाटात ४-५ मिमीचा फरक येतो. ड्रॉवर ज्यावर सरकतो ते चॅनल मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर अडकतं. म्हणून पाटाला थेट चॅनल ठोकू नका. ४ इंच रुंदीची डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची) पट्टी आधी लावा, मागे पॅकिंग देऊन ओळंब्यात आणा, मग तिच्यावर चॅनल. आणि माप एका जागी घेऊ नका. वर, मध्ये, खाली, आणि पुढून-मागून. सगळ्यांत कमी येईल ते खरं धरा.

अथणीकर

राग मानू नका सुतारकी अण्णा, पण बेळगाव जिल्हा म्हणजे एकच हवा नाही. खानापूर-जांबोटीकडे भिंतीला बुरशी धरते, अथणी-रायबागकडे पाऊसच बेताचा. आमच्या भागात एचडीएचएमआरचे (घट्ट दाबलेल्या, ओलावा सोसणाऱ्या बोर्डाचे) बॉक्स व्यवस्थित चालतात, फक्त चार बाजूंनी २ मिमीची एज बँड (कडेची पट्टी) मशीनवर लावलेली हवी आणि बॉक्स प्लास्टिकच्या पायांवर ४ इंच उचललेला हवा. हातानं फेविकॉलनं चिकटवलेली पट्टी गॅसशेजारी लवकर उचलते. शिवाय बॉक्स सोडवून दुसऱ्या घरी नेता येतात, दगड नेता येत नाही. भाड्याच्या घराला कडप्प्याचा सल्ला कशाला?

सुतारकी_टिळकवाडी

भाड्याच्या घराबद्दल तुमचं बरोबर. शहापूरकरांची भिंत ओली आहे आणि घर स्वतःचं आहे, म्हणून दगड म्हटलं.

जांबोटी_पाऊस

ओल कुठून येते ते आधी ठरवा. २ × २ फूट प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा, एक-दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे आले तर ओल भिंतीतून येते. खोलीच्या बाजूला आले तर खोलीतल्या वाफेचा दोष, तो खिडकी-चिमणीनं जातो. ही परीक्षा पावसाळ्यातच करायची, मार्चमध्ये काही दिसणार नाही.

भिंतीतून येत असेल तर उपाय बाहेरून. आतून वॉटरप्रूफ पुट्टी मारली तर पाणी तिच्यामागे साचतं आणि वर्षभरात फुगून पोपडे पडतात. बाहेरचा जुना गिलावा टोकून काढा, चिरा भरा, वॉटरप्रूफिंगचं द्रव्य घालून नवा गिलावा, वर बाहेरच्या भिंतीचा लवचीक रंग. कपाटं आत लावताना त्या भिंतीपासून इंचभर सोडून लावा, मागे हवा फिरू द्या.

आणि वाळवी! दगडाचा कट्टा असला तरी ती भिंतीतून वर चढून दारांना लागते. जमीन आणि भिंत मिळते त्या सांध्यात फुटाफुटावर १२ मिमीची छिद्रं, प्रत्येकात साधारण लिटरभर औषध, मग सिमेंटनं बंद. हे कट्टा बसायच्या आधी. नंतर कोपऱ्यात ड्रिल पोचत नाही.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन

स्टीलच्या ट्रॉल्यांचं कुणीच बोललं नाही. ट्रॉली आणि सिंक ३०४ ग्रेडचे घ्या. लोक लोहचुंबक घेऊन दुकानात जातात आणि चिकटलं नाही म्हणजे ३०४ असं समजतात. २०२ ग्रेडलासुद्धा चुंबक चिकटत नाही! ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०० च्या मालिकेत महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून मीठ-चिंच लागून त्यावर तपकिरी ठिपके येतात. ओळखायला मँगनीज तपासायच्या द्रावणाचा थेंब मिळतो, २०२ वर तो लाल होतो. फॅब्रिकेशनच्या दुकानात कुणाकडेही असतो, मागा की, नाही म्हणत नाहीत.

सिंकचा पत्रा १ मिमी घ्या. खालून बसवायचा सिंक असेल तर फक्त सिलिकॉनच्या भरवशावर सोडू नका. भरलेल्या भांड्यांचं आणि पाण्याचं वजन सांध्यावर येतं आणि दोन-तीन वर्षांत एक बाजू सुटते. खाली चौकोनी पाइपची फ्रेम द्या, ३०४ चीच.

निपाणी_नाका

क्वार्ट्झ की ग्रॅनाइट, ते पण होऊन जाऊ दे.

हिंडलगा_आराखडा

रोज भाकरीचा तवा उतरणाऱ्या घरात ग्रॅनाइट. क्वार्ट्झ हा दगडाचा चुरा आणि रेझिन यांचा बनवलेला स्लॅब आहे. नव्वद टक्क्यांच्या वर चुरा, बाकी रेझिन. साधारण १५० अंशांच्या पुढे रेझिन पिवळं पडतं, आणि तापलेला तवा त्याच्या कितीतरी वर असतो. डाग घासून जात नाही, कारण तो जळलेला असतो. पांढराच हवा असेल तर भांडी न उतरवण्याच्या दुसऱ्या कट्ट्यावर लावा.

ग्रॅनाइटही तपासून घ्या. काळ्या ग्रॅनाइटला कधी कधी रंग लावून जास्त काळं करतात. पांढऱ्या कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन कोपऱ्यात घासा, कापूस काळा झाला तर सोडा. फिका दगड घेतला तर हळद आणि तेल आत मुरतं. थेंबभर पाणी टाकून दहा मिनिटं थांबा, खाली डाग गडद झाला तर सीलर लावल्याशिवाय वापरू नका. इलकलचा, म्हणजे इरकल लुगड्याच्या गावचा लाल ग्रॅनाइट आपल्याला जवळचा आहे. चित्रांत तो नसतो, पण पितळी मुठी आणि मळकट पांढऱ्या दारांबरोबर फार शोभतो. त्याला मागे टाकू नका.

कारदग्याची_अक्का

आता वापरणाऱ्यांच्या बाजूनं सांगते.

मॅट काळ्यावर ज्वारीचं पीठ, बोटांचे तेलकट ठसे, सुकलेल्या पाण्याचे पांढरे थेंब सगळं दिसतं. बोअरचं जड पाणी असेल तर आणखी जास्त. गडद रंग आवडत असेल तर खाली घ्या, वर फिका, आणि पूर्ण गुळगुळीत मॅटपेक्षा किंचित लाकडी रेघ असलेला लॅमिनेट घ्या. दोन रंगांची फॅशन आपल्या सोयीची आहे, ती जरूर करा.

मूठ नसलेल्या दारांत वरच्या कडेला जी खाच असते तिच्यात पीठ आणि मोहरी जाऊन बसते. दर आठवड्याला ब्रश मारायला लागतो. पिठाच्या हातानं उघडायला ६-८ इंचाची आडवी मूठ बरी, करंगळीनंही ओढता येते. उघड्या फळ्या गॅसच्या कट्ट्यावर अजिबात नकोत. समोरच्या कट्ट्यावर एखादी चालेल, रोज वापरात असलेल्या कपबशांपुरती.

उंचीचं तर कोणी विचारतच नाही. कट्टा सरसकट ३४ इंचाचा करून मोकळे होतात. उभं राहून जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या. पाच फूट उंचीच्या बाईचं ते साधारण ३७-३८ इंच येतं. त्यातून ४ इंच वजा केले की चिरण्या-लाटण्याची उंची. भाकरी थापायला मात्र अंगाचा भार तळव्यावर द्यावा लागतो, आणि कट्टा उंच असला की खांदे वर उचलून थापावं लागतं. मान आणि खांदे त्यानंच धरतात. अडीच फूट लांबीचा तुकडा २९-३० इंचावर करून घ्या, परात मावेल असा, गॅसच्या उजव्या हाताला. दुसऱ्या कशाची काटकसर करा, याची नको.

टिळा_विठ्ठलाचा

अक्का, हे वाचून आमच्या घरी आत्ताच टेप निघाला. एक शंका. काचेच्या हबवर, म्हणजे कट्ट्यात बसवलेल्या शेगडीवर, कुंदा (दूध आटवून करतात ती आपली मिठाई) आटवता येतो का? बेळगावात राहून हा प्रश्न विचारायलाच पाहिजे.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन

कुंद्यासाठी घर बांधणारेही आहेत इथं, विचारा खुशाल. जाड बुडाची मोठी कढई तासभर ठेवली की तिच्या बुडावरून उष्णता परतून काचेवर येते. कढई शेजारच्या बर्नरवर आली तर आणखी जास्त. काच टफन्ड असते, पण कडेला टवका उडालेला असेल तर अशाच वेळी फुटते. एवढ्या कामाला स्टीलच्या पत्र्याचा हब आणि बिडाच्या जाड जाळ्या घ्या. नाहीतर परसात वेगळी मोठी शेगडी ठेवा. हबसाठी ग्रॅनाइट कापायचं ते हब घरात आल्यावर. प्रत्येकाचं माप वेगळं असतं.

गॅस_आणि_धूर

सिलिंडर कपाटात लपवायची पद्धत आली आहे, म्हणून लिहितो. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचतो. त्या कप्प्याच्या दाराला खाली जाळी हवीच, आणि रेग्युलेटरला हात सहज पोचला पाहिजे. नळी सुरक्षा शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नाही, ५ वर्षांनी बदलायची. रबरी नळी भिंतीतून किंवा ड्रॉवरच्या मागून नेऊ नका. अंतर जास्त असेल तर धातूचा पाइप टाकून घ्या. ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आला आहे त्यांचं उलटं. तो हवेपेक्षा हलका असतो, म्हणून हवेची वाट वरच्या बाजूला हवी, आणि शेगडीचे नोझल बदलून घ्यावे लागतात.

चिमणी बर्नरपासून २६ ते ३० इंचावर. पाइप ६ इंचाचा, आतून गुळगुळीत, वळणं दोनच्या वर नकोत. दुकानदार अ‍ॅकॉर्डियनसारखी घडीची नळी लावून देतात. तिच्या घड्यांत तेल साचतं आणि ओढ कमी होते. बेळगावात आणखी एक बघा: तोंड पश्चिमेच्या भिंतीतून काढलं तर आषाढातला वारा धूर परत आत ढकलतो आणि पाणीही येतं. शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला काढा. पश्चिमच असेल तर झडपेचा टोप लावा आणि पाइपला बाहेरच्या बाजूनं किंचित उतार द्या. चिमणी चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. आत हवा आल्याशिवाय चिमणी बाहेर काय टाकणार?

हिंडलगा_आराखडा

विजेचंही आताच ठरवा, टाइल्स लागल्यावर भिंत फोडायला नको. २००० वॉटची इंडक्शन शेगडी साधारण ९ अँपिअर घेते. ओव्हन, डिशवॉशर, इंडक्शन यांना १६ अँपिअरचे वेगवेगळे सर्किट, ४ चौरस मिमीची तार. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, ओल्या हातांची जागा आहे. वरच्या कपाटाखालची एलईडी पट्टी पुढच्या कडेला लावा, मागे लावली की हातांची सावली चिरण्यावर पडते. उजेडाचा रंग ४००० केल्विन (ना पिवळा, ना निळसर), म्हणजे फोडणीतला लसूण लाल झाला की काळा पडला ते नीट दिसतं.

निपाणी_नाका

आणि त्या मोझॅकचं काय? त्यावर टाइल्स टाकायच्या का काढून?

जांबोटी_पाऊस

दोन्ही नको. टेराझो म्हणून आज जे विकतात ते मोझॅकच आहे. तुटलेली नसेल तर घासून घ्या. मशीनचे दगड ६० नंबरपासून सुरू करून १२०, मग ३२०, शेवटी ऑक्झॅलिकची पॉलिश. दोन दिवसांत चमकते. वरून टाइल टाकली की अर्धा-पाऊण इंच जमीन वर येते, दार घासतं, हॉलकडे पायरी होते आणि कट्टा तेवढा बुटका होतो. आधी कट्टा, मग घासकाम, आणि घासताना दारं लावलेली नकोत. चिखलाचे शिंतोडे सगळीकडे उडतात.

डॅडोच्या, म्हणजे कट्ट्यावरच्या भिंतीच्या, टाइल्स व्हिट्रिफाइड असतील तर सिमेंटच्या घोळावर लावू नका. त्या पाणी पीतच नाहीत, म्हणून सिमेंट धरत नाही. टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरा. गॅसमागच्या सांध्यांत इपॉक्सी भरा, पण ते सेट व्हायच्या आत पुसून काढणारा माणूस हवा. राहिलेला पांढरट थर नंतर निघत नाही.

शहापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: आयलंड नाही, भिंत काढायची नाही, ४ फुटांची काचेची खिडकी. समोरासमोर दोन कट्टे. कडप्प्याचे पाट, वर इलकलचा लाल ग्रॅनाइट, भाकरीचा तुकडा ३० इंचावर. मरीन प्लायची दारं, खाली गडद हिरवी, वर मळकट पांढरी, पितळी आडव्या मुठी. मोझॅक घासून. कामाचा क्रम कसा लावू?

सुतारकी_टिळकवाडी

बाहेरचा गिलावा उन्हाळ्यात. मग नळ आणि विजेचे पाइप, वाळवीचं औषध, कट्टा, डॅडो, घासकाम, रंग. दारांची मापं या सगळ्यानंतर, त्याआधी कारखान्याला माप देऊ नका. डॅडो आणि गिलावा मिळून पाऊण इंच कुठे खातात ते शेवटीच कळतं. दारं दसरा-दिवाळीनंतर बनवायला घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये चिकटवलेला लॅमिनेट ओलावा धरून ठेवतो आणि मार्चच्या उन्हात दार वाकतं. तीन फुटांपेक्षा उंच दाराला तीन बिजागऱ्या.

आणि ग्रॅनाइटला पुढच्या कडेपासून पाऊण इंच आत, खालच्या अंगाला खाच मारून घ्या. कट्ट्यावरचं पाणी कडेवरून वळून दगडाच्या पोटाला चिकटत दारावर जातं. खाच असली की थेंब तिथंच सुटून खाली पडतो. दाराची वरची कड फुगते ती या एका खाचेअभावी.

शहापूरकर

गवंडी विसरला तर नंतर मारता येते का?

सुतारकी_टिळकवाडी

खालून ४ इंची ग्राइंडरनं मारतात, पण पाठीवर झोपून हात सरळ चालत नाही आणि पुढची कड उडायची भीती असते. विसरलीच तर अ‍ॅल्युमिनियमची छोटी एल पट्टी सिलिकॉननं खालून चिकटवा, काम भागतं. पण पॉलिशवाल्याला दगड चढवायच्या आधीच सांगा. घोडीवर उलटा ठेवलेला असतो तेव्हा दहा मिनिटांचं काम. ५ मिमी रुंद, ५ मिमी खोल, सिंकसमोर आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना फूट-फूटभर सलग.